अस्थींचे देऊळ आणि अस्थींचे तीर्थ

नाशिकास ज्याचे आयुष्य गेले त्याला अस्थींचे नवल उरत नाही. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. त्या गंगेवर सकाळच्या प्रहरी जावे, तो कोणी ना कोणी फडक्याने तोंड बांधलेला कलश उराशी धरून रामकुंडाच्या पायऱ्या उतरत असलेला दिसावयाचाच. पुढे उपाध्याय, मागे रडून डोळे सुजलेली चार माणसे, आणि पाण्याशी पोचल्यावर सर्वांचीच क्षणभर स्तब्धता. हे दृश्य आम्ही लहानपणी पाटी-दप्तर घेऊन जाताना पाहिले, पुढे अडतीस वर्षे मास्तरकी करावयास जाताना पाहिले, आणि आता नुसते पाय मोकळे करावयास जातानाही पाहतो. रामकुंड १६९६ साली बांधले गेले असे सांगतात. अस्थिविलय तीर्थ ते तेथेच. येथे सोडलेल्या अस्थी थोड्याच अवकाशात पाण्यात विरून जातात, अशी पिढ्यानुपिढ्यांची श्रद्धा आहे. महात्मा गांधींच्या रक्षेचा अंशही १९४८ साली येथेच विसर्जित झाला.

शाळेत संस्कृत शिकविताना अस्थि, दधि, सक्थि आणि अक्षि ही चार नपुंसकलिंगी नामे आम्ही मुलांकडून एकत्र घोकून घेत असू. हाड, दही, मांडी आणि डोळा यांची ही विलक्षण पंगत. प्रथमा-द्वितीयेत ती 'वारि'प्रमाणे निमूटपणे चालतात आणि तृतीयेशी पोचताच 'अस्थ्ना', 'दध्ना' अशी निराळीच वाट धरतात. मुले हसत, आम्हीही हसत असू. अस्थि हा आमच्या लेखी एकतर व्याकरणाचा अपवाद होता, नाहीतर गंगेवरचा नित्याचा देखावा. त्यापलीकडे त्याचा विचार करण्याची वेळ उतारवयात यावयाची होती.

निमित्त झाले ते धाकट्या पुतण्याचे. तो नोकरीनिमित्त पोर्तुगालात लिस्बनला असतो. सुट्टीत तो एव्होरा नावाच्या जुन्या गावी गेला आणि तेथील एका प्रार्थनामंदिराची छायाचित्रे त्याने घरी पाठविली. रात्रीची जेवणे उरकून मंडळी ओटीवर बसली होती. भ्रमणध्वनी या हातातून त्या हातात फिरू लागला आणि ओटीवरचे बोलणे थांबले. त्या मंदिराच्या भिंती विटांच्या दिसत नव्हत्या. खांबांवर, कमानींवर, पार छतापर्यंत माणसांची हाडे चुन्यात बसविलेली, आणि मधूनमधून कवट्यांच्या ओळी, जणू वेलबुट्टीच काढली आहे.

प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे मत दिले. थोरल्या सूनबाईंनी "रात्रीच्या वेळी मुलांना कशाला दाखविता?" म्हणून कुरकूर केली. मुलाने ती गोष्ट वेडेपणात काढली. सौभाग्यवती म्हणाल्या, "दधीचीनेही हाडे दिली, पण ती वज्र करण्यासाठी. भिंती लिंपण्यासाठी हाडे मागितल्याचे आम्ही कोठे ऐकले नाही!" सर्वांचे बोलून झाल्यावर आठ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, पण ही कोणाची हाडे?"

पुतण्याने माहितीही लिहिली होती, ती आम्ही वाचून दाखविली. सोळाव्या शतकात त्या गावातील मठांच्या स्मशानांनी फार जागा व्यापली; तेव्हा फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी जुनी थडगी उकरून सुमारे ५,००० माणसांच्या अस्थी एकत्र केल्या. त्या कोठेतरी पुरून टाकण्याऐवजी त्यांनी त्यांचेच मंदिर उभारले आणि दारावर लेख कोरला. त्याचा आशय असा, की आम्ही येथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत. म्हणजे शोभा हा त्यांचा हेतू नव्हे. आपल्याकडचे कीर्तनकार जे वैराग्य तोंडाने सांगतात तेच त्यांनी भिंतीवर मांडले. बोहेमियातील सेडलेक येथे १८७० साली एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने तर अशाच साठलेल्या हाडांचे झुंबर केले आहे.

हे सर्व सांगितले तरी नातवाच्या प्रश्नाचे उत्तर झाले नाही. हाडे पाच हजार माणसांची, आणि नाव एकाचेही नाही. मुलगा पुन्हा म्हणाला, "म्हणजे कोणाची ते माहीतच नाही?" आणि तो झोपावयास गेला. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमच्या घरात याच्या नेमका उलट प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षे पडून होता. तेथे हाडे होती, नावे नव्हती. आमच्याकडे नाव होते, हाडे नव्हती.

आमचे थोरले काका रंगूनला एका कचेरीत कारकून होते. १९४१ च्या डिसेंबरात रंगूनवर जपानी बाँब पडू लागले आणि १९४२ च्या मार्चमध्ये शहर जपान्यांच्या हाती गेले. तेथील लाखो हिंदी माणसे जीव घेऊन निघाली. ज्यांना आगबोट मिळाली नाही ती आराकानच्या किंवा मणिपूरच्या वाटेने, डोंगर आणि रान तुडवीत, पायी निघाली. त्यांतील किती वाटेवरच तापाने आणि उपासाने पडली, याची कोणी नीट मोजदाद ठेवलेली नाही. काकांचे शेवटचे पत्र जानेवारीतले. 'पायी निघत आहे, काळजी नसावी' इतकाच त्यात मजकूर. ते पत्र आमच्या आजीने देवघरातल्या पेटीत ठेवले होते.

देशांतरी गेलेल्याची वार्ता कळली नाही तर बारा वर्षे वाट पाहावी आणि मग त्याचे उत्तरकार्य करावे, असा शास्त्रार्थ आहे. देहच नसल्यामुळे पळसाच्या तीनशे साठ पानांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावयाचा. यालाच पालाशविधि म्हणतात. १९५४ साली बारा वर्षे भरली. आमच्या वडिलांनी, म्हणजे धाकट्या भावाने, नाशिकास तो विधि केला. आजी काठावर लांब बसून होती. हे सर्व आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले. आमचा जन्म त्यानंतरचा. रक्षा पाण्यात सोडताना आजी म्हणाली, "जे घरी आलेच नाही, ते गंगेला काय द्यायचे?"

पुढे उपाध्यायांनी वंशावळीची वही उघडली. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे या वह्या पिढीजात असतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. कोणत्या कुळातला कोण, कोणत्या साली, कोणाच्या कार्यासाठी आला, कोणाचा पुत्र, कोणाचा नातू, हे सर्व तीत लिहिलेले असते आणि खाली येणाऱ्याची सही असते. आमचे पणजोबा कोकणातून नाशिकास आले तेव्हापासूनची आमच्या घराची पाने त्या वहीत आहेत. उपाध्यायांनी लेखणी उचलली, तशी आजी उठून जवळ आली आणि म्हणाली, "लिहू नका. तो परत आला तर तुम्ही खोडाल का?" उपाध्याय वृद्ध आणि समजूतदार होते. त्यांनी वही मिटली.

आजी १९७२ साली गेली. तिच्या अस्थी घेऊन वडिलांबरोबर आम्हीही रामकुंडावर गेलो होतो. तिचे नाव वहीत चढले. काकांच्या नावाचा विषय निघाला, पण वडिलांना आईचा शब्द मोडवेना. पुढे वडीलही गेले, आत्याही गेल्या. आता या घरात काकांचे पूर्ण नाव सांगू शकेल असे आमच्यावाचून कोणी उरले नाही, ही गोष्ट त्या रात्री प्रथमच ध्यानात आली.

एव्होरास जाण्याचे ना आमचे वय, ना ऐपत. परंतु त्याच पोर्तुगालची सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या भूमीवर होती ते गोवे तर घरासारखे. तेथल्या देवळांतही अस्थी जपल्या आहेत हे वाचून ठाऊक होते. पणजीस आमचे मेहुणे असतात. त्यांचे बोलावणे जुनेच होते. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलो, मडगावास उतरलो आणि मोटारीने पणजी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुने गोवे.

मन स्वच्छ घेऊन गेलो असे म्हणणे खोटे होईल. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, धर्मन्यायालय होते. त्या सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली, आणि मंगेशासारखी दैवते भक्तांनी नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर असलेल्या मुलखात नेऊन वाचविली. हा इतिहास शाळेत शिकविताना आमचा आवाज चढत असे. तेव्हा बॉम जेझूच्या दाराशी वहाणा काढताना थोडे अडखळलो, हे कबूल करतो. तेथे वहाणा काढण्याची रीत नाही असे मेहुण्यांनी सांगितले, तेव्हा अधिकच ओशाळलो.

ते मंदिर १६०५ साली पुरे झाले. बाहेरून गिलावा नाही. जांभ्याचा तांबडा दगड उघडा आहे, आणि कोकणातले घर आठवावे असा त्याचा रंग. आत उजव्या बाजूस संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. तेथून त्यांचा देह मलाक्क्यास आणि १५५४ साली गोव्यास आणला गेला. समाधीचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या राजाने दिलेला, त्यावरचे ब्राँझचे पत्रे इटलीत घडलेले, पण वरची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांची. उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग सतराव्या शतकात रोमला नेला, तो तेथल्या मंदिरात आहे. दर दहा वर्षांनी तो देह दर्शनासाठी खाली आणतात. मागचा सोहळा २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून २०२५ च्या ५ जानेवारीपर्यंत झाला. आम्ही गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती.

समाधीसमोरच्या बाकावर एक वृद्ध ख्रिस्ती बाई बसल्या होत्या. सौभाग्यवतींनी त्यांच्याशी बोलणे काढले. त्या कोंकणीत बोलत, या मराठीत, आणि दोघींचे कोठे अडत नव्हते. त्यांच्याकडून कळले, की गावच्या दफनभूमीत जागा थोडी; म्हणून काही वर्षांनी थडगे उघडतात आणि हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्यांच्या यजमानांची हाडे सासूबाईंच्या हाडांशेजारी एकाच कोनाड्यात आहेत. वर नावाचा दगड आहे. नोव्हेंबरच्या २ तारखेस त्या तेथे मेणबत्ती लावतात. एव्होराच्या भिंतीमागची जी गरज आम्ही पुतण्याच्या पत्रात वाचली होती, तीच येथे घरगुती भाषेत ऐकावयास मिळाली.

त्या बाईंनी विचारले, "मग तुमच्यांत माणसाला भेटायला कुठे जाता?"

"गंगेवर," सौभाग्यवती म्हणाल्या.

"पण नदी तर वाहून जाते!"

"नदी जाते, पण घाट तिथेच असतो."

बाईंना ते पटले असावे. त्यांनी मान हालविली आणि आपल्या पिशवीतून दोन केळी काढून सौभाग्यवतींच्या हातावर ठेवली. आमच्या मनातला इतिहासाचा ताठा त्या दोन केळ्यांपुढे पुष्कळ सैल झाला. इतिहास खोटा नव्हता. पण त्या बाईने तो केलेला नव्हता.

बॉम जेझूपासून थोडी चढण चढली की सेंट ऑगस्टीनच्या मंदिराचे अवशेष लागतात. जुने गोवे पाहावयास येणारे पुष्कळ लोक उन्हाला भिऊन येथे येत नाहीत. आम्ही मात्र मुख्यतः यासाठीच आलो होतो. ऑगस्टिनी पंथाच्या साधूंनी सतराव्या शतकाच्या आरंभी पुरे केलेले हे मोठे मंदिर. १८३५ साली सरकारने मठ बंद केले, साधू गेले. १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग पडला. आज ४६ मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचा अर्धा उभा भाग तेवढा आकाशात उरला आहे. त्या मनोऱ्याची घंटा पणजीच्या मंदिरात टांगली आहे आणि ती अजून वाजते. खाली जांभ्याच्या भिंतींची जोती, फरशीत बसविलेले समाधीलेख आणि मधून उगवलेले गवत.

येथे केतेवान राणीच्या अस्थी होत्या. काळ्या समुद्राच्या पूर्वेस जॉर्जिया नावाचा देश आहे. फार्सीत त्याला गुर्जिस्तान म्हणत. त्यातील काखेती या राज्याची ही राजमाता. इराणच्या शाह अब्बासची स्वारी टळावी म्हणून ती स्वतः त्याच्याकडे गेली आणि सुमारे दहा वर्षे शिराझला बंदीत राहिली. धर्म सोड, अशी तिला आज्ञा झाली. तिने ती मानली नाही. १६२४ च्या सप्टेंबरात तापलेल्या सांडसांनी तिचे हाल करून तिला मारण्यात आले. त्या वेळी शिराझला ऑगस्टिनी साधू होते. त्यांनी तिच्या अस्थी गुप्तपणे काढल्या, काही तिच्या पुत्राकडे पोचविल्या, आणि काही १६२७ साली गोव्यास आणून येथल्या एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या खिडकीचाही उल्लेख आहे: मठाच्या सभेच्या दालनातली दुसरी खिडकी.

पुढे साधू गेले, छत पडले, पेटी ढिगाऱ्याखाली गेली. पण जॉर्जियाचे लोक राणीला विसरले नाहीत. त्यांच्या धर्मसंस्थेने तिला संतपद दिले आहे. तिच्या अस्थींचा शोध घेण्यासाठी त्यांची माणसे अलीकडच्या काळात पुनःपुन्हा गोव्यास येत राहिली. अखेर २००४ च्या सुमारास आपल्या पुरातत्त्व खात्याने कागदातील त्या खिडकीचा माग काढीत उत्खनन केले. दगडी पेटीचे फुटके झाकण आणि हाताच्या हाडाचा एक तुकडा सापडला. जवळच इतर दोन पेट्यांतही हाडे मिळाली. आता प्रश्न तोच, नातवाचा: ही कोणाची हाडे?

हा प्रश्न हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे गेला. माणसाच्या पेशीत एक द्रव्य असे असते की ते केवळ आईकडून अपत्याकडे येते. बापाचा त्यात भाग नसतो. आई, आईची आई, तिची आई, अशी ती खूण हजारो वर्षे मागे नेता येते, आणि वाळलेल्या हाडातही ती पुष्कळ काळ टिकते. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातून ही मातृखूण काढली. २२,००० हून अधिक भारतीयांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. एकातही ती आढळली नाही. तीस जॉर्जियन लोकांची तपासणी केली. त्यांतील दोघांत ती मिळाली. दुसऱ्या दोन पेट्यांतील हाडांची खूण मात्र भारतीयांशी जुळली. हे संशोधन पुढे प्रसिद्ध झाले. २०१७ साली त्या अस्थी दर्शनासाठी जॉर्जियात नेण्यात आल्या आणि नंतर परत आल्या. २०२१ च्या जुलैत आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा एक भाग जॉर्जियास कायमचा अर्पण केला. शिराझला निघालेली राणी जवळजवळ चारशे वर्षांनी, गोव्यावरून, घरी पोचली.

मेहुणे हे सर्व सांगत होते आणि आम्ही त्या पडक्या भिंतीशी उभे होतो. ऊन कडक होते. सौभाग्यवतींनी विचारले, "बरे वाटत नाही का?" आम्ही काही बोललो नाही. मनात एकच गोष्ट घोळत होती. राणीला ज्या खुणेने ओळखले, ती तिच्या आईने दिलेली होती. म्हणजे मणिपूरच्या किंवा आराकानच्या रानात, कोठल्यातरी ओढ्याकाठी, काकांचे एखादे हाड मातीत अजून असेल तर त्यात आमच्या आजीची खूण असेल. आजीला हे कोणी सांगितले असते तर तिला नवल वाटले नसते. तिने पळसाची पाने नाकारली ती शास्त्रावरच्या अश्रद्धेने नव्हे. तिचे पोर पानांत नव्हते, एवढेच तिचे म्हणणे होते.

परंतु दुसरी गोष्टही त्याच भिंतीने शिकविली. राणीचे हाड आपोआप ओळखले गेले नाही. कोणीतरी १६२७ साली खिडकीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवला होता म्हणून उत्खनन कोठे करावे हे कळले. कागद नसता तर ते हाड इतर हाडांत मिसळून गेले असते, एव्होराच्या भिंतीतल्यासारखे. आजीने वाट पाहण्यासाठी लिहू दिले नाही. या साधूंनी वाट पाहता यावी म्हणून लिहून ठेवले.

नाशिकास परत आल्यावर तीनचार दिवस आम्ही काहीच केले नाही. एके दिवशी कामासाठी शरणपूरला गेलो. शरणपूर ही नाशिकची एकोणिसाव्या शतकातली मिशनऱ्यांची वसाहत. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत. त्यांतील जेकब वेनराइट हा पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या शोधार्थ आफ्रिकेत गेलेल्या तुकडीत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या सालीवर नाव व तारीख कोरली. मग वाळविलेला तो देह खांद्यावरून शेकडो कोस वाहून त्यांनी समुद्रकाठी आणला. लंडनमध्ये तो ओळखला गेला तो डाव्या दंडाच्या हाडावरून. पूर्वी सिंहाने ते मोडले होते आणि ते कधी नीट सांधले नव्हते. १८७४ च्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले, तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकच्या शाळेचा हा विद्यार्थीही होता. ही गोष्ट आम्ही मुलांना अनेकदा सांगितली होती. या खेपेस तिच्यातला एकच भाग आठवत राहिला: देह खांद्यावर घेण्याच्या आधी त्याने नाव कोरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून आम्ही गंगेवर गेलो. नातवाला बरोबर घेतले. उपाध्यायांचे नातू आता गादीवर आहेत. वयाने आमच्या मुलाएवढे. आम्ही हेतू सांगितला. त्यांनी लाल फडक्यातील वह्या काढल्या आणि थोड्या शोधानंतर आमचे पान उघडले. पणजोबांचे मोडी अक्षर, आजोबांची सही, आजीच्या कार्याच्या वेळची वडिलांची सही, वडिलांच्या कार्याच्या वेळची आमची. १९५४ सालच्या जागी, वडिलांच्या सहीच्या वर, एक ओळ कोरी होती. आजोबा-उपाध्यायांनी वही मिटली खरी, पण त्यांनी जागा सोडून ठेवली होती, आणि त्यानंतर कोणी ती भरली नव्हती.

"स्थळ काय लिहू?" त्यांनी विचारले.

"ब्रह्मदेशातून येताना, वाटेवर."

"तिथी?"

"ज्ञात नाही."

"मग श्राद्ध सर्वपित्रीला," ते म्हणाले, आणि लेखणी आमच्या हाती देत त्यांनी सुचविले, की नाव तुम्हीच लिहा, अक्षर मास्तरांचे असू दे. आम्ही त्या कोऱ्या ओळीवर काकांचे नाव लिहिले. त्यांच्या वडिलांचे नाव आधीच्या पानावर होते. आईचे नाव लिहिण्याची त्या वहीत रीत नाही. आम्ही उपाध्यायांच्या अनुमतीने तेही लिहिले.

नातू शेजारी उभा राहून अक्षर लावीत होता. "हे कोण, आजोबा?" त्याने विचारले. पायऱ्या चढता चढता आम्ही त्याला सांगितले, आणि घरी पोचेपर्यंत त्याने ते पूर्ण नाव, मुलाने रूप घोकावे तसे, दोनदा म्हणून दाखविले. ते येथे छापण्याचे प्रयोजन नाही.